दुसरी लाइन असूनही नेट तीन तास बंद! बॅकअप रस्ता नेमका लावायचा कसा?

तारवाला | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. दिग्रस तालुक्यात एका गावात माझं केबल आणि नेटचं छोटं काम आहे. गाव आणि शेजारच्या दोन वस्त्या मिळून साडेतीनशेच्या आसपास कनेक्शन. दिग्रसमध्ये एका दुकानाच्या माळ्यावर भाड्याची जागा आहे, तिथे माझा एक राउटर बसवलेला. तिथून गावापर्यंत ९ किलोमीटर माझी स्वतःची फायबर. मागच्या वर्षी कर्ज काढून दुसरी फायबरही ओढली. एक रस्त्याने येते, दुसरी कॅनॉलच्या बाजूने शेताशेतातून. दिग्रसला दोन वेगवेगळ्या प्रोव्हायडरची लाइनही घेऊन ठेवली आहे.

म्हणजे कागदावर सगळं डबल. आता ऐका.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला, बैल तोरणाखाली उभे होत होते तेवढ्यात फोन सुरू झाले. नेट बंद. पुण्या-मुंबईला असलेल्या पोरांना घरचे लोक व्हिडिओ कॉलवर पोळा दाखवत होते, तोच मेला. धावत कंट्रोल रूमला आलो. पाहतो तर राउटरमध्ये मेन लाइनचा पोर्ट हिरवागार, रूट चालू, आणि दुसरी लाइन बाजूला आरामात बसलेली. पॅकेट मात्र एकही जाईना. शेवटी मेन लाइनची वायर हाताने उपटली, तेव्हा कुठे बॅकअप चालू झाला. तोवर सात वाजले होते, कारण आधी दोन तास मला वाटत होतं की वरूनच बंद आहे. रस्त्याच्या कामावर जेसीबीने केबल उचकटली होती हे नंतर कळलं.

राउटर मायक्रोटिक कंपनीचा आहे. दोन डीफॉल्ट रूट (बाहेर जायचे नेहमीचे रस्ते), एकाचं डिस्टन्स, म्हणजे पसंतीचा क्रम, १, दुसऱ्याचं २. बस, एवढंच केलं होतं. चुकलं कुठे?

बोंडअळी | रात्री ११.०५

साडेतीनशे कनेक्शनसाठी एवढा उपद्व्याप कशाला भाऊ? सगळ्यांच्या खिशात मोबाइल डेटा आहे. तीन तास नेट नाही म्हणून कोणी मरत नाही.

सेतूवाली | रात्री ११.२०

बोंडअळी, तुम्ही एकदा माझ्या सेवा केंद्रात पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी येऊन बसा. बाहेर चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात सातबारा आणि पासबुक, आणि आत स्क्रीनवर ते गोल गोल फिरतंय. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर गावात टॉवर एकच, त्यावर सगळ्यांची झुंबड. अंगठ्याची मशीन तर हॉटस्पॉटवर तीनदा फेल जाते तेव्हा एकदा चालते. शिव्या मला पडतात, रस्ता खोदणाऱ्याला नाही.

पुसदची_लेक | रात्री ११.५०

तारवाला भाऊ, एक सांगा. फायबर सरळ राउटरच्या एसएफपी पोर्टमध्ये (फायबर थेट घेणाऱ्या खाचेत) जाते, की मध्ये फायबरवरून तांब्याच्या वायरवर आणणारा मीडिया कन्व्हर्टर आहे?

तारवाला | रात्री ११.५४

मीडिया कन्व्हर्टर आहे ताई. काळी छोटी डबी. दोन्ही लाइनला.

पुसदची_लेक | बुधवार, रात्री १२.३५

मग चोर सापडला. (मी मूळची पुसदची, आता पुण्यात नेटवर्कचंच काम करते. घरी बाबांचं नेट गेलं की फोन मलाच येतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.)

उद्या ती डबी नीट बघा. तिच्यावर फायबरसाठी एक दिवा असतो आणि तांब्याच्या वायरसाठी वेगळा. फायबर तुटली की फायबरचा दिवा विझतो. पण डबी आणि राउटर यांच्यामधली दीड फुटाची वायर शाबूत आहे ना! तिचा दिवा हिरवाच राहतो. राउटरला फक्त ही दीड फुटाची वायर दिसते. पलीकडे ९ किलोमीटरवर काय झालं, त्याला काय माहीत? पोर्ट चालू म्हणजे रूट चालू, आणि रूट चालू म्हणजे सगळा ट्रॅफिक त्या तुटलेल्या तोंडातून जमिनीत.

काही कन्व्हर्टरमध्ये लिंक फॉल्ट पास थ्रू म्हणून सोय असते, बऱ्याचदा तळाला छोटे डिप स्विच असतात. ते चालू केलं की फायबर गेल्यावर डबी तांब्याची बाजूही पाडते आणि राउटरला कळतं. पण खरं सांगू का, डबीच काढा. राउटरला एसएफपी पोर्ट असेल तर फायबर थेट त्यात घ्या. प्रकाश गेला की पोर्ट लगेच पडतो.

डिस्टन्स १ आणि २ लावणं म्हणजे 'हा बंद पडला तर तो वापर' एवढंच सांगणं. बंद पडलाय हे कोण ओळखणार, ते तुम्ही सांगितलंच नाही. बॅकअपमध्ये तीन कामं असतात: बिघाड ओळखणं, पर्यायी रस्ता आधीच ठरवून ठेवणं, आणि त्यावर उडी मारणं. लोक दुसऱ्या कामावर पैसे घालतात आणि पहिलं विसरतात.

जुना_लाइनमन | सकाळी ६.१०

ताई बरोबर सांगून रायली. मी टेलिफोनात तीस वर्सं काढली. आमच्या वक्ताले एसडीएचची, म्हंजे फायबरवर टेलिफोन चालवाच्या जुन्या पद्धतीची, रिंग होती. एका बाजूनं केबल तुटली तर ५० मिलिसेकंदात दुसऱ्या बाजूनं फिरे. बोलणाऱ्याले समजतही नव्हतं. पन थे काहून जमे? कारन मशीन दर क्षनाले पलीकडच्या मशीनशी बोलत राहे. बोलनं थांबलं की समजे.

आता दुसरी गोष्ट. तारवाला भाऊ, तुमच्या दोन केबल दोन वाटेनं येते म्हनता. नकाशावर पाह्यलं का गाडीवर बसून पाह्यलं? नकाशा नोका सांगू मले. गाडी काढा अन् पूर्न लाइन एकदा पाहून या, दिग्रस ते गाव.

वणीचा_कोळसा | सकाळी ७.३०

माझा एक प्रश्न, जरा बावळट आहे. मी गेल्या वर्षी दोन्ही फायबर दोन्हीकडे एकाच स्विचात लावल्या. म्हटलं एक गेली तर दुसरी चालेल. अर्ध्या मिनिटात सगळं गाव बंद, स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. ते काय होतं?

पुसदची_लेक | सकाळी ८.१५

लूप. एक ब्रॉडकास्ट पॅकेट (सगळ्यांसाठी असलेलं) एका तारेने गेलं, दुसरीने परत आलं, पुन्हा गेलं, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या नकला सगळ्या पोर्टवर जात राहिल्या. इथरनेटच्या पॅकेटला आयुष्याची मर्यादा नसते, ते फिरतच राहतं. यासाठी स्पॅनिंग ट्री असतं, ते एक तार मुद्दाम अडवून ठेवतं. जुन्या पद्धतीचं असेल तर तार गेल्यावर दुसरी उघडायला ३० ते ५० सेकंद घेतं, रॅपिड स्पॅनिंग ट्री बहुतेक वेळा एक-दोन सेकंदात उरकतं. साध्या, मॅनेज न होणाऱ्या स्विचात यातलं काहीच नसतं. तारवाला भाऊंकडे दोन्ही टोकांना राउटर आहेत, त्यांनी या भानगडीत पडूच नये.

तारवाला | संध्याकाळी ७.२०

ताई, काकाजी, दोघांनाही दंडवत.

आधी डबी. गेलो, बघितली. आज लाइन जोडलेली आहे म्हणून दोन्ही दिवे लागलेले. मी फायबरची पॅच कॉर्ड काढली. एक दिवा विझला, दुसरा तसाच हिरवा. एवढासा दिवा, आणि त्याने माझा पोळा खाल्ला.

दोन्ही कन्व्हर्टर काढले. गावातल्या राउटरला एसएफपीचा एकच पोर्ट होता, दिग्रसचंही तेच. दुसऱ्या लाइनसाठी एसएफपीवाला छोटा मॅनेज स्विच मागवला आहे.

आणि आता काकाजींचं काम. गाडी काढली. रस्त्याची केबल ठीक. कॅनॉलची केबलही सात किलोमीटर मस्त वेगळी. मग नाला लागतो. त्या नाल्यावर पूल एकच. माझ्याच माणसांनी दुसरी केबल ओढताना नाला ओलांडायला त्याच पुलाचा कठडा धरला. तिथे दोन्ही केबल एकाच पाइपमध्ये आहेत, एकमेकींच्या गळ्यात हात घालून. साधारण चाळीस मीटर. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, तुरीला पाणी द्यायला गेलो होतो.

म्हणजे पोळ्याला केबल दोनशे मीटर अलीकडे तुटली हे माझं नशीब. पुलावर तुटली असती तर हाताने वायर उपटूनही काही झालं नसतं.

जुना_लाइनमन | संध्याकाळी ७.४५

मी म्हनलं होतं! 😄 पूल, रेल्वे फाटक अन् गावातला शेवटचा खांब. दोन केबल तिथंच भेटते. दर वेळेस.

पुसदची_लेक | रात्री ९.३०

आमच्याकडे याला एक मोठं नाव आहे, शेअर्ड रिस्क लिंक ग्रुप. ज्या ज्या तारा एकाच घावात जाऊ शकतात, त्या सगळ्यांना एक नंबर द्यायचा. मोठे राउटर मग बॅकअप निवडताना तोच नंबर असलेला रस्ता टाळतात. तुमच्याकडे तो नंबर वहीत लिहिला तरी पुरे. आणि फक्त तार धरू नका. दोन्ही लाइनच्या यंत्रांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आहेत का, तेही बघा.

तारवाला | रात्री ९.३३

…आहेत. बोर्डही एक, इन्व्हर्टरही एक.

बोंडअळी | रात्री ९.४०

हे वाचून मी पण माझ्या दुकानात जाऊन आलो. माझेही एकाच बोर्डात. काल जे बोललो ते मागे घेतो.

पुसदची_लेक | रात्री १०.२५

आता कॉन्फिगरेशन. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची खिचडी करू नका.

पहिला, गाव ते दिग्रस. दोन्ही टोकं तुमची आहेत. इथे दोन्ही राउटरवर ओएसपीएफ (राउटर आपसात बोलून कमी कॉस्टचा रस्ता निवडतात ती पद्धत) चालवा, दोन्ही तारांवर, एकीची कॉस्ट कमी, दुसरीची जास्त. पण ओएसपीएफला तसंच सोडलं तर तो दर १० सेकंदांनी हॅलो म्हणतो आणि ४० सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी मेला असं धरतो. मध्ये स्विच ठेवणार असाल तर पोर्ट पडल्याचं राउटरला पुन्हा कळणार नाही, ती कन्व्हर्टरचीच गोष्ट. म्हणून सोबत बीएफडी लावा. त्याचं काम एकच, पलीकडच्याला सारखी हाक मारत राहणं. २०० मिलिसेकंदांनी एक हाक, सलग ५ चुकल्या की लाइन गेली, म्हणजे १ सेकंद. रेडिओ लिंक असेल तर एवढी घाई नको. वाऱ्याने चार पॅकेट पडले की हा उड्या मारत बसेल.

दुसरा प्रश्न दिग्रसच्या वरचा, म्हणजे प्रोव्हायडरच्या पोटातला. तिथे तुमचा ओएसपीएफ पोचत नाही. तुमचा पोर्ट चालू, प्रोव्हायडरचा गेटवेही (त्याच्याकडचा पहिला राउटर) चालू, पण त्याची यवतमाळकडची केबल तुटलेली. गेटवेला पिंग ('आहेस का' अशी हाक) लावलात तरी तो उत्तर देतच राहील. म्हणून पिंग दूरच्या पत्त्याला हवं. मायक्रोटिकमध्ये त्यासाठी रिकर्सिव्ह रूट, म्हणजे एका रूटवर टेकलेला दुसरा रूट, करतात. आधी एका दूरच्या पत्त्याचा रूट पहिल्या प्रोव्हायडरच्या गेटवेवरून बांधायचा, स्कोप १०. मग डीफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून तो दूरचा पत्ताच द्यायचा, चेक गेटवेमध्ये पिंग, आणि मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत असाल तर टार्गेट स्कोप ११. दर १० सेकंदांनी पिंग जातं, दोन चुकले की रूट पडतो आणि डिस्टन्स २ वाला वर येतो. म्हणजे वीस-बावीस सेकंद. गावाला चालेल.

आता यातली खोच. सगळे जण दूरचा पत्ता म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकतात. तो पत्ता तुम्ही पहिल्या लाइनला खिळवून ठेवलाय. ती लाइन गेली की बाकी सगळं बॅकअपवरून जाईल, फक्त ८.८.८.८ जाणार नाही. आणि तुमच्या निम्म्या ग्राहकांच्या राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) तोच असतो! लाइन बदलली, पिंग चालू, आणि लोक म्हणतात नेट बंद. माझ्या बाबांकडे मी स्वतः हा घोळ घातलेला आहे. ग्राहक वापरत नाहीत असा पत्ता घ्या. प्रोव्हायडरला विचारून त्याच्या यवतमाळ किंवा नागपूरच्या एखाद्या राउटरचा पत्ता मिळाला तर उत्तम.

सेतूवाली | रात्री १०.५०

ताई, लाइन बदलली की माझं पोर्टल लॉगआउट होतं. पैसे कटतात आणि पावती येत नाही. ते थांबेल का?

पुसदची_लेक | रात्री ११.१०

गाव ते दिग्रस तार बदलली तर काही होणार नाही, कारण बाहेर दिसणारा पत्ता तोच राहतो. प्रोव्हायडर बदलला तर मात्र बाहेरचा पत्ता बदलतो आणि पोर्टलला वाटतं माणूसच बदलला. चालू व्यवहार तुटणारच. तारवाला भाऊंनी स्वतःचे पत्ते आणि एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या जाळ्याची ओळख) घेऊन दोन्ही प्रोव्हायडरशी बीजीपी (जाळ्यांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) लावला तर सुटेल, पण तो खर्च आणि व्याप साडेतीनशे कनेक्शनला परवडणारा नाही असं माझं मत.

भाऊ, लाइन बदलली की राउटरमधली जुनी कनेक्शनं एका स्क्रिप्टने पुसून टाका. नाही तर इंटरनेटवरून बोलणारे फोन वगैरे जुन्याच पत्त्याला चिकटून बसतात आणि अर्धा तास मुके राहतात.

वणीचा_कोळसा | गुरुवार, सकाळी ८.००

काकाजी म्हणाले ५० मिलिसेकंद. ताई म्हणतात १ सेकंद, २० सेकंद. मोठ्या कंपन्या ५० कसे आणतात?

पुसदची_लेक | दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, जरा लांबेल.

साधा राउटर तार तुटल्यावर विचार करायला बसतो. सगळ्यांना कळवतो, नकाशा नव्याने काढतो, मग रस्ता बदलतो. मोठ्या जाळ्यात तो रस्ता आधीच काढून खिशात ठेवतो. एमपीएलएसमध्ये (पॅकेटवर चिठ्ठी लावून ठरलेल्या रस्त्याने नेण्याची पद्धत) याला फास्ट रीरूट म्हणतात, २००५ साली त्याचं मानक ठरलं, आरएफसी ४०९०. तार तुटली की तुटलेल्या जागेच्या अलीकडचा राउटर कोणालाही न विचारता ट्रॅफिक आधीच बांधलेल्या बोगद्यात ढकलतो. तो बोगदा तुटलेली तार वळसा घालून टाळतो, किंवा पुढचा अख्खा राउटर टाळून त्याच्याही पुढे निघतो. बाकीचं जाळं सावकाश शहाणं होतं.

बोगदे न बांधता करायची पद्धत म्हणजे लूप फ्री ऑल्टरनेट. त्यातली गंमत आपल्याच रस्त्यांवर सांगते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, आर्णी असं गोल धरा, प्रत्येक टप्प्याची कॉस्ट १०. दारव्ह्याचा यवतमाळ रस्ता बंद झाला. दारव्हा म्हणतो, माझं सामान दिग्रसला देतो, तो पोचवेल. पण दिग्रसला अजून बातमीच नाही! त्याच्या मते यवतमाळला दोन्हीकडून अंतर सारखं, २०. तो निम्मं सामान आर्णीकडे पाठवतो आणि निम्मं परत दारव्ह्याकडे. झाला लूप. म्हणून नियम असा की शेजाऱ्याचा यवतमाळचा रस्ता, 'शेजारी ते मी अधिक मी ते यवतमाळ' यापेक्षा कमी भरला पाहिजे. इथे २० आणि २०. कमी नाही, म्हणून दिग्रस बॅकअप म्हणून बाद.

आता दारव्हा-दिग्रस टप्प्याची कॉस्ट २० करा. दिग्रसला आर्णीवरून २०, दारव्ह्यावरून ३०. नियम जुळला, दारव्हा सुरक्षित. पण आर्णीचा यवतमाळ रस्ता गेला तर? आर्णी दिग्रसकडे बघतो, दिग्रसचं अंतर २०, आणि दिग्रस ते आर्णी १० अधिक आर्णी ते यवतमाळ १०, परत २०. आर्णी उघडीच राहिली. गोल जाळ्यात हे दुखणं राहतंच, कॉस्ट ओढून ताणून नुसती जागा बदलते. त्यावर उपाय म्हणून सामान पेटीत बंद करून आणखी एक घर पुढे पाठवतात. पुन्हा सगळ्या कॉस्ट १० धरा आणि दारव्ह्याचा यवतमाळ रस्ता बंद. दारव्ह्याने पेटीवर लिहायचं 'आर्णीला उघडा'. दिग्रस पेटी उघडत नाही, नुसती पुढे देतो. आर्णी उघडतो, आणि त्याचा रस्ता यवतमाळला सरळ आहे. हे रिमोट एलएफए, २०१५ सालचं.

तारवाला भाऊ, तुमच्या दोन राउटरला यातलं काही लागत नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

जुना_लाइनमन | दुपारी ३.००

लय झकास समजावलं पोरी. दारव्ह्याची शकुंतला रेल्वे चालू असती तर पेटी तिच्यातूनच धाडली असती.

कापूसबोंड | संध्याकाळी ५.१५

आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी फायबर नेण्याच्या सरकारी योजनेची) केबल आहे. ती गोल नाही, सरळ आहे. मधल्या गावात तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. मूळ योजना २०११ची, तेव्हा केबल अशीच रेषेत टाकली. २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सुधारित योजना मंजूर केली, १ लाख ३९ हजार कोटींच्या वर, त्यात रिंगच करायची असं ठरलंय. आमच्याकडे अजून कोणी आलेलं नाही, पण रिंग करताना आमच्याकडच्या तीन गावांचा नाला एकच आहे हे त्यांना सांगायला मी उभा राहणार.

तारवाला | रविवार, रात्री ९.१०

चार दिवस दिसलो नाही, कामात होतो.

पुलाला दुसरा पर्याय नाही. नाल्यात खांब टाकायचा तर परवानग्या आणि खर्च, दोन्ही माझ्या आवाक्याबाहेर. म्हणून तिसरा रस्ता हवेतून काढला. गावच्या पाण्याच्या टाकीवर आणि दिग्रसच्या दुकानावर ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ बसवले, ग्रामपंचायतीला महिना भाडं देऊन. फायबरच्या १ गिगाबिटच्या जागी इथे जेमतेम दीडशे मेगाबिट मिळतात. म्हणून रेडिओवर गेलं की व्हिडिओला कात्री, आणि सेवा केंद्र, दवाखाना, बँकेचा माणूस हे आधी. सेतूवाली ताई, तुमचं नाव यादीत सर्वात वर आहे.

ओएसपीएफमध्ये रस्त्याची फायबर १०, कॅनॉलची २०, रेडिओ १००. फायबरवर बीएफडी ताईंनी सांगितला तसा, रेडिओवर ढिला. बोर्ड वेगळे केले, दुसऱ्या लाइनचं यंत्र सोलरच्या बॅटरीवर टाकलं.

काल रात्री साडेअकराला चाचणी केली. मोबाइलवर सेकंदाला एक पिंग लावून ठेवला आणि दिग्रसला पोऱ्याला फोनवर सांगितलं, 'ओढ'. रस्त्याची फायबर ओढली, एक पिंग चुकला. कॅनॉलची ओढली, दोन चुकले आणि रेडिओवर आलो. मग पहिल्या प्रोव्हायडरची वायर त्याच्या डबीच्या मागून काढली, पोर्ट चालू ठेवून, मुद्दाम. एकवीस पिंग गेले. एकविसाव्यापर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो. बायको म्हणाली, झोपा आता, कोणाचं लग्न मोडलं का?

पुसदची_लेक | रात्री ९.४५

शाब्बास! फायबर परत जोडल्यावर लगेच उडी मारून परत येतो का? सांधा कच्चा असेल तर लाइन येते-जाते, येते-जाते, आणि प्रत्येक वेळी सगळे हलतात. रिंगच्या पद्धतीत परत येण्याआधी बहुधा ५ मिनिटं थांबतात. तुम्हीही तसंच काही करा. आणि रेडिओच्या मध्ये झाडं आहेत का? ९ किलोमीटरला नुसतं समोरचं टोक दिसून भागत नाही. मध्यावर सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी साधारण ११ मीटरचा पट्टा असतो, त्यातला निदान ६० टक्के मोकळा हवा.

तारवाला | सोमवार, सकाळी ७.३०

परत यायला पाच मिनिटांची स्क्रिप्ट टाकली, सकाळी तपासली, चालते.

झाडाचं बरोबर ओळखलंत ताई. टाकीवरून दिग्रसकडे बघितलं की पहिल्याच वळणावर एक निंब आडवा येतो. आत्ता पानं भरली आहेत म्हणून सिग्नल चार डीबीने कमी दाखवतोय. झाड आमच्या शाळेच्या जुन्या मास्तरांच्या अंगणात आहे. दोन फांद्या छाटायला परवानगी मागायला निघालोय. मास्तरांचं नेट माझ्याकडेच आहे, बघू काय म्हणतात.